डायनासोरांचा अंत आणि लघुग्रहाचा आघात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधील व्याख्यानांनंतर, सह्याद्रीतील भूशास्त्रीय सहलींमध्ये आणि ईमेलने जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उल्का, अशनी आणि लघुग्रह यांत फरक काय? डायनासोर ‘उल्कापाताने’ मेले असे म्हणणे बरोबर आहे का?

अवकाशातून आलेला कण वातावरणात शिरताना तापून पेटतो आणि आकाशात प्रकाशाची रेघ उमटते, ती उल्का. पूर्ण जळून न जाता जो तुकडा जमिनीवर येऊन पडतो, तो अशनी. सूर्याभोवती स्वतंत्रपणे फिरणारा, ग्रहाहून खूपच लहान असा खडकाळ गोळा म्हणजे लघुग्रह. डिसेंबरमध्ये मिथुन राशीतून जो उल्कावर्षाव होताना दिसतो, त्यातले बहुतेक कण वाळूच्या खड्याएवढे असतात. डायनासोरांच्या काळी आदळलेली वस्तू सुमारे १० किलोमीटर व्यासाची होती. त्यामुळे काटेकोर बोलायचे तर ‘लघुग्रहाचा आघात’ असेच म्हणावे, आणि या पानावर तोच शब्द वापरला आहे.

२. शाळेत आम्ही ‘साडेसहा कोटी वर्षांपूर्वी’ असे शिकलो. आता ‘सहा कोटी साठ लाख’ म्हणतात. दहा लाख वर्षांचा फरक कसा पडला?

घटना तीच आहे, मोजमाप सुधारले आहे. खडकाचे वय त्यातील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून काढतात. क्षयाचा वेग आणि तुलनेसाठी वापरले जाणारे प्रमाण नमुने जसजसे अधिक अचूक झाले, तसतसे जुने आकडे दुरुस्त करावे लागले. आज हा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षे मानला जातो आणि त्यातील अनिश्चितता काही दशसहस्र वर्षांपेक्षा जास्त नाही. जुन्या पुस्तकांत या घटनेपाशी असलेल्या दोन कालखंडांमधील सीमेला ‘के-टी’ म्हटलेले आढळेल, नव्या पुस्तकांत ‘के-पीजी’ असे असते. ‘के’ हे अक्षर क्रिटेशस कालखंडाच्या जर्मन नावावरून आले आहे. ‘टी’ म्हणजे टर्शरी. ही संज्ञा आता अधिकृत कालगणनेतून गेली असून तिच्या जागी पॅलिओजीन आली आहे.

३. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी काय झाले हे पाहायला कोणीच नव्हते. मग लघुग्रह आदळला हे कसे कळले?

ही हकीकत इटलीतील गुबिओ या गावाजवळच्या एका घळीत सुरू होते. तेथे समुद्रतळावर साचलेल्या चुनखडीचे थर उभ्या कड्यात उघडे पडले आहेत. खालच्या चुनखडीत भिंगातून सहज दिसतील एवढ्या आकाराच्या सूक्ष्मजीवांची कवचे दाटीने भरलेली असतात. वरच्या चुनखडीत ती जवळजवळ नाहीतच. आहेत ती अगदी बारीक. या दोहोंच्या मधोमध सुमारे एक सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा थर आहे आणि त्यात कवचे नाहीत. बोटाच्या पेराहूनही बारीक असलेल्या त्या मातीच्या एका बाजूला डायनासोरांचे जग आहे आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्यानंतरचे.

भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझ यांना ही माती साचायला किती वेळ लागला हे जाणून घ्यायचे होते. त्यांचे वडील लुईस अल्वारेझ हे भौतिकशास्त्रज्ञ होते, १९६८ चे नोबेल पारितोषिक विजेते. त्यांनी इरिडियम मोजण्याची कल्पना सुचवली. इरिडियम हा लोखंडाशी सलगी करणारा धातू असल्यामुळे पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत असताना तो लोखंडाबरोबर गाभ्यात उतरला, आणि म्हणून पृष्ठभागावरच्या खडकांत तो अत्यल्प आढळतो. अवकाशातून सतत झिरपणाऱ्या धुळीबरोबर मात्र तो एका ठरावीक संथ गतीने येत राहतो. मातीत इरिडियम किती हे कळले की माती साचायला लागलेला काळ कळेल, असा हिशेब होता. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या रसायनशास्त्रज्ञांनी मोजमाप केले तेव्हा इरिडियम शेजारच्या थरांच्या सुमारे ३० पट निघाले. संथ धुळीने एवढे साचणे शक्य नव्हते. पुढे डेन्मार्कमधील स्टेव्हन्स क्लिंट येथील त्याच काळाच्या मातीत ते सुमारे १६० पट सापडले आणि न्यूझीलंडमध्येही वाढलेले आढळले. १९८० साली या चौघांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला आणि त्याची धूळ पृथ्वीभर पसरली.

काळ मोजायला निघालेल्या माणसांच्या हाती कारण लागले, हा या शोधातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग आहे. नंतरच्या वर्षांत त्याच थरात आघाताच्या दाबाने आडव्यातिडव्या सूक्ष्म रेषा उमटलेले गारगोटीचे कण सापडले, आणि वितळून उडालेल्या खडकाचे काचेसारखे गोल मणीही सापडले. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. पुरावा म्हणून इरिडियमपेक्षाही हे कण अधिक निर्णायक आहेत.

४. एवढा मोठा आघात झाला तर विवर कुठे आहे? ते इतकी वर्षे कोणालाच कसे दिसले नाही?

विवर मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या टोकाशी आहे. त्याचा व्यास सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे पुणे ते नाशिक या सरळ अंतराहूनही जास्त. अर्धे जमिनीखाली आणि अर्धे समुद्राखाली. मध्यभागाजवळ चिक्शुलूब नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे, त्यावरून विवराला नाव मिळाले. ते डोळ्यांना दिसत नाही, कारण आघातानंतरच्या कोट्यवधी वर्षांत त्यावर शेकडो मीटर जाडीची चुनखडी साचली.

त्याचा माग लागला तो खनिज तेलाच्या शोधात. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी काम करणारे अंतोनियो कामार्गो आणि ग्लेन पेनफिल्ड यांना १९७८ च्या सुमारास चुंबकीय आणि गुरुत्वीय नकाशांत एक प्रचंड वर्तुळ दिसले, आणि १९८१ साली त्यांनी ते एका परिषदेत मांडलेही. परंतु परिषद तेलशोधकांची होती. डायनासोरांच्या अंताचे कोडे सोडवणारे शास्त्रज्ञ त्या वेळी दुसरीकडे होते. जवळजवळ दहा वर्षे दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांपर्यंत पोहोचली नाहीत. अखेर १९९१ साली ॲलन हिल्डेब्रँड, पेनफिल्ड, कामार्गो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि दुवा जुळला.

जमिनीवर एक खूण मात्र पूर्वीपासून होती. युकातानमध्ये चुनखडी खचून तयार झालेल्या पाण्याने भरलेल्या नैसर्गिक विहिरी आहेत, त्यांना ‘सेनोते’ म्हणतात. माया संस्कृतीची वस्ती त्यांच्याच पाण्यावर जगली. या विहिरींतील एक मोठी रांग नकाशावर अर्धवर्तुळात दिसते, आणि तो गाडल्या गेलेल्या विवराचा काठ आहे.

५. तो किती वेगाने आला? आणि तो दगड आता कुठे आहे, कोणी खणून काढला नाही का?

वेग सेकंदाला सुमारे २० किलोमीटर धरला जातो. त्या वेगाने मुंबईहून पुण्याला पोहोचायला सहा सेकंद पुरतील. मुक्त झालेली ऊर्जा सुमारे १० कोटी मेगाटन होती असा अंदाज आहे. मानवाने आजवर फोडलेला सर्वात मोठा बाँब, १९६१ चा सोव्हिएत बाँब, ५० मेगाटनांचा होता.

एवढ्या ऊर्जेत लघुग्रह अखंड उरत नाही. तो जवळजवळ पूर्णपणे वाफ आणि वितळलेले थेंब होऊन आकाशात उडाला आणि जगभर पसरला, म्हणूनच इटली, डेन्मार्क, न्यूझीलंड सगळीकडे त्याचे इरिडियम सापडते. उत्तर पॅसिफिकच्या तळातून काढलेल्या गाळात या सीमेवरच सापडलेला काही मिलिमीटरांचा एक तुकडा त्याचा अवशेष असावा असे मानले जाते. सीमेच्या मातीतील रुथेनियम या धातूच्या समस्थानिकांवर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा लघुग्रह कार्बनयुक्त प्रकारचा होता आणि त्याची घडण गुरू ग्रहाच्या पलीकडे झाली होती.

६. दगड पडला मेक्सिकोत. मग मंगोलियातले आणि भारतातले प्राणी का मेले?

आघाताजवळचे जीव धक्क्याने, उष्णतेने आणि त्सुनामीने गेले. पण जगभरचा विनाश अंधारामुळे आणि थंडीमुळे झाला. युकातानच्या तळाशी चुनखडीबरोबर जिप्समसारखे गंधकयुक्त खडक होते. आघाताने त्यांची वाफ झाली आणि वातावरणाच्या वरच्या थरांत गंधकाच्या संयुगांचे बारीक तुषार तयार झाले. त्यांत खडकाची बारीक धूळ आणि जळालेल्या जंगलांची काजळी मिसळली. हे आवरण वारे पृथ्वीभर घेऊन गेले आणि सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचेनासा झाला.

२०१६ साली विवराच्या आतल्या वर्तुळाकार कड्यात समुद्राखाली १३०० मीटरहून अधिक खोल भोक पाडून खडकाचा सलग गाभा काढण्यात आला. त्यात एका दिवसातच साचलेला सुमारे १३० मीटरांचा थर ओळखता आला. आसपासच्या खडकांत विपुल असलेले जिप्सम मात्र त्या गाभ्यात जवळजवळ नव्हते. ते हवेत गेले होते. जे सापडले नाही त्यानेच येथे पुरावा दिला.

संगणकीय प्रारूपांनुसार पृथ्वीचे सरासरी तापमान काही वर्षांसाठी २० अंश सेल्सिअसहूनही अधिक घसरले असावे, आणि प्रकाशसंश्लेषण कित्येक महिने, काही अभ्यासांनुसार दोन वर्षांपर्यंत, थांबले असावे. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती आणि जमिनीवरची झाडे हीच सगळ्या अन्नाची मुळे. ती सुकली की गवतापाण्यावर जगणारे जातात आणि त्यांच्यामागून त्यांना खाणारे. एकूण सुमारे ७५ टक्के प्रजाती नष्ट झाल्या. डायनासोरांबरोबरच आकाशात उडणारे टेरोसॉर, समुद्रातले मोसासॉर आणि शंखाकृती ॲमोनाइटही कायमचे गेले.

७. सगळे डायनासोर एका दिवसात मेले का? ती घटना कोणत्या ऋतूत घडली हेही कळले आहे म्हणतात, ते खरे आहे का?

एका दिवसात नाही. अंधार आणि उपासमार यांनी महिने आणि वर्षे घेतली असणार. भूवैज्ञानिक काळाच्या मापाने मात्र तो क्षणच.

ऋतूचे उत्तर अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातल्या तानिस नावाच्या जागेवरून मिळाले. चिक्शुलूबपासून सुमारे ३००० किलोमीटर दूर असलेल्या या जुन्या नदीकाठी भूकंपाच्या लहरींनी पाणी उसळले आणि मासे गाळात गाडले गेले. त्या माशांच्या कल्ल्यांत आघाताचे काचमणी अडकलेले सापडले. पोटात गेलेले नाहीत, कल्ल्यांतच अडकलेले. याचा अर्थ मणी आकाशातून पाण्यात पडत असताना मासे जिवंत होते, श्वास घेत होते, आणि त्यानंतर लवकरच मेले. झाडाच्या खोडात वर्तुळे असतात तशा माशांच्या हाडांतही वाढीच्या रेषा असतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या रेषा वसंताच्या वाढीपाशी थांबल्या आहेत. म्हणजे उत्तर गोलार्धात तो वसंत होता. पिल्ले बाहेर येण्याचा, पालवी फुटण्याचा काळ. दक्षिण गोलार्धात तेव्हा शरद होता.

८. मग मगरी, कासवे, बेडूक आणि उंदरासारखे प्राणी कसे वाचले?

एकच कारण सर्वांना लागू पडत नाही, पण काही गोष्टी स्पष्ट दिसतात. जमिनीवरचे सुमारे २५ किलोपेक्षा जड चतुष्पाद प्राणी जवळजवळ सगळे गेले. लहान शरीराला थोडे अन्न पुरते, आणि लहान प्राणी बिळात लपू शकतो. गोड्या पाण्यातील अन्नसाखळी कुजलेल्या पालापाचोळ्यावर चालते, तिला ताज्या प्रकाशसंश्लेषणाची तितकी गरज नसते. मगर तर एका शिकारीवर कित्येक महिने काढू शकते. वाचलेले पक्षी बहुधा जमिनीवर राहणारे आणि चोचीने बिया टिपणारे होते. जंगले जळाली, पण बिया मातीत टिकून होत्या.

येथे एक दुरुस्ती करायला हवी. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज असल्यामुळे वैज्ञानिक वर्गीकरणात तेही डायनासोरच आहेत. म्हणून तज्ज्ञ ‘पक्षी नसलेले डायनासोर नष्ट झाले’ असे लिहितात. ते शब्द जड वाटतात, पण अर्थ अचूक आहे.

९. दख्खनच्या ज्वालामुखीमुळे डायनासोर मेले असे आम्ही ऐकले आहे. आपल्याच सह्याद्रीने त्यांचा घात केला का?

महाराष्ट्रातून सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि तो अगदी रास्त आहे. राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो त्याच काळातल्या लाव्हाचा आहे. अजिंठा-वेरूळची लेणी त्याच कातळात कोरलेली आहेत, रायगडाचा डोंगर तोच आहे. घाटातल्या डोंगरांना दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर, आणि भूशास्त्रातला ‘ट्रॅप’ हा शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आज हा लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. मुळात तो याहून बराच मोठा होता. पश्चिम घाटात त्याची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते.

एवढ्या उद्रेकातून कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू निश्चितच बाहेर पडले. गेर्टा केलर यांच्यासारखे काही अभ्यासक दख्खनलाच मुख्य कारण मानत आले आहेत. तो विचार निराधार नाही. त्याहून आधीचा, २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा सर्वात मोठा महाविनाश सैबेरियातल्या अशाच लाव्हा-उद्रेकांशी जोडला जातो.

अडचण वेळेची आहे. दख्खनचा बहुतांश लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या अवधीत बाहेर आला, आणि आघात त्या अवधीच्या मध्ये कुठेतरी झाला. विनाशाचे कारण उद्रेक असते तर जीवांचा ऱ्हास उद्रेकाबरोबर टप्प्याटप्प्याने दिसायला हवा होता. समुद्राच्या गाळात मात्र तो इरिडियमच्या थरापाशी एकदम दिसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सागरी गाळावरून असे दिसले की दख्खनच्या वायूंमुळे तापमान काही अंश वाढले होते, पण आघाताच्या आधीच ते पुन्हा खाली आले होते, आणि त्या वाढीच्या काळात सामूहिक विनाश झालेला नाही.

माझे मत असे की घाव लघुग्रहाने घातला. दख्खनच्या वायूंनी आधी हवामान ढवळले असेल आणि नंतर सावरणाऱ्या जगाची वाट बदलली असेल. या दोन भूमिकांचे प्रमाण किती, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. कालमापनातील मतभेद प्रश्न ११ मध्ये दिला आहे.

१०. आघाताच्या धक्क्याने पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला दख्खनचा लाव्हा फुटला, हे खरे का?

या विधानाचा ढोबळ प्रकार चुकीचा आहे. दख्खनचे उद्रेक आघाताच्या आधीच सुरू झाले होते, आणि तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आजच्या रियुनियन बेटाच्या बाजूला असलेला भारत चिक्शुलूबच्या बरोबर विरुद्ध टोकाला नव्हता. याचा एक सौम्य प्रकार मात्र गंभीरपणे मांडला गेला आहे. मार्क रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली असे सुचवले की आघाताच्या भूकंपलहरींनी आधीच तयार असलेला शिलारस अधिक वेगाने वर येऊ लागला. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर या नावांनी ओळखले जाणारे लाव्हाचे मोठे थर त्यानंतरचे असावेत, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो मान्य करायचा की नाही हे कालमापनावर अवलंबून आहे.

११. घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्यात काळ्या खडकांमध्ये विटेसारखा लाल पट्टा दिसतो. तीच का ती इरिडियमची माती?

नाही, पण तो पट्टा थांबून पाहण्याजोगा आहे. लाव्हाचा एक थर थंड झाला आणि दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, की पहिल्याचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजून माती होतो. त्यात कधी ज्वालामुखीची राख मिसळते. वरून नवा तप्त लाव्हा आला की ती माती भाजली जाते आणि लोहामुळे लाल दिसते. असे पट्टे एकाच घाटात अनेक असतात. आघाताची माती जगभर एकाच पातळीवर आहे.

या लाल मातीने वादाला मात्र मोठी मदत केली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने तिच्यात मिसळलेल्या राखेतले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेगळे काढून युरेनियम-शिसे पद्धतीने वय मोजले. बर्कले येथील गटाने लाव्हातील फेल्डस्पार या खनिजावर आर्गॉन पद्धत वापरली. दोन्ही निष्कर्ष २०१९ साली आले. पहिल्या गटाला उद्रेक झटक्याझटक्यांनी झालेले दिसले, त्यातला एक मोठा झटका आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधीचा. दुसऱ्या गटाच्या मते उद्रेक बराच सलग होता आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा आहे. तेच डोंगर आणि तोच काळ, पण दोन उत्तम प्रयोगशाळा अजून एका निष्कर्षावर आलेल्या नाहीत.

भारतात इरिडियमने समृद्ध थर गुजरातमधील अंजार येथे आणि मेघालयातील उम सोहरिंगक्यू नदीच्या काठी अभ्यासले गेले आहेत. त्यांतील मेघालयाचा थर या सीमेचा चांगला नमुना आहे. अंजारला लाव्हाच्या थरांमधील गाळात इरिडियमच्या एकाहून अधिक पातळ्या आहेत, त्यामुळे तेथील अर्थ लावणे अवघड जाते.

१२. महाराष्ट्रात डायनासोर होते का? मग सह्याद्रीत हाडे का सापडत नाहीत?

होते. वाहत्या लाव्हात हाड टिकत नाही, म्हणून शोध लाव्हाखालच्या आणि लाव्हाच्या थरांमधल्या गाळात घ्यावा लागतो, आणि असा गाळ विदर्भात, मध्य प्रदेशात व गुजरातमध्ये उघडा पडलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या लांब मानेच्या डायनासोराला आज ‘इसिसॉरस’ म्हणतात. जबलपूरला विल्यम स्लीमन यांना १८२८ साली हाडे मिळाली होती. गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रैयोली येथे अंडी विपुल सापडली.

पण मला सर्वाधिक आनंद देणारा शोध चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पिसदुऱ्याचा आहे. तेथे शेतांतून दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ साली तिच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा गवतातले सिलिकाचे कण दिसले. तोवर गवत डायनासोरांनंतरचे मानले जात होते. विदर्भातल्या त्या प्राण्यांनी गवत खाल्ले होते, आणि भाताच्या कुळाची मुळे त्यामुळे बरीच मागे गेली.

१३. लोणारचे विवर डायनासोरांच्या काळचे आहे का?

नाही. लोणार दख्खनच्या कातळातच खोदले गेले आहे, म्हणजे ते त्या कातळाहून तरुण असणे ओघानेच आले. जुन्या अंदाजांत त्याचे वय सुमारे ५० हजार वर्षे धरत. आर्गॉन पद्धतीने केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनात ते सुमारे ५.७ लाख वर्षे निघाले. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. चिक्शुलूबच्या व्यासाचा हा शंभरावा भाग. महत्त्व मात्र वेगळ्या कारणाने मोठे आहे : बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या कातळात, तयार झालेले आणि एवढे चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, आणि चंद्र व मंगळावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ येथे येतात. लोणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचे मंदिर यांमुळे हा परिसर मराठी मनाला जवळचा आहेच. तेथे जाल तर काठावरचे दगड उचलून आणू नका. आघाताचा पुरावा त्याच दगडांत आहे.

१४. मुंबईजवळ समुद्रात ‘शिव’ नावाचे त्याहूनही मोठे विवर आहे म्हणतात.

अमेरिकेतील पुराजीवशास्त्रज्ञ शंकर चॅटर्जी यांनी मुंबईच्या पश्चिमेच्या समुद्रतळाबाबत ही कल्पना मांडली. त्यांच्या मते ही रचना सुमारे ५०० किलोमीटरची आहे. बहुतेक भूवैज्ञानिक ती मान्य करत नाहीत, कारण तेथील रचना जमिनीच्या सामान्य हालचालींनी समजावता येते आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेले दाबाचे निर्णायक पुरावे तेथून मिळालेले नाहीत.

१५. आघात झाला की महाविनाश होतोच का?

नाही, आणि ही अपवादांची बाजू कमी सांगितली जाते. सैबेरियातील पोपिगाय विवर सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे, वय सुमारे ३.५७ कोटी वर्षे. त्याच सुमारास अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातही मोठा आघात झाला. त्या वेळी महाविनाश झाला नाही. कॅनडाचे मॅनिकुआगन विवर सुमारे २१.४ कोटी वर्षांचे आहे, तर ट्रायासिक कालखंडाच्या अखेरचा महाविनाश त्यानंतर एक कोटीहून अधिक वर्षांनी झाला.

आघात किती मोठा यासोबत तो कशावर झाला हेही पाहावे लागते. जपानी शास्त्रज्ञांनी २०१७ साली हिशेब मांडला की त्या काळी पृथ्वीच्या सुमारे १३ टक्के पृष्ठभागाखालीच एवढा विनाश घडवू शकेल इतका जळाऊ सेंद्रिय पदार्थ होता. कोनही महत्त्वाचा होता : लघुग्रह बऱ्याच उभ्या कोनात, क्षितिजाशी सुमारे ६० अंशांनी आला असावा, असे २०२० च्या प्रारूपांत दिसते, आणि त्या कोनात वर उडणाऱ्या वायूंचे प्रमाण जास्त असते.

१६. एकच लघुग्रह होता की अनेक?

महाविनाश घडवणारा एकच. युक्रेनमधील २४ किलोमीटरचे बोल्टिश विवर पूर्वी चिक्शुलूबचे जोडीदार समजले जाई, पण नव्या मापनात ते सुमारे साडेसहा लाख वर्षांनी नंतरचे ठरले. पश्चिम आफ्रिकेजवळ समुद्रतळाखाली २०२२ साली जाहीर झालेले नादिर हे सुमारे ९ किलोमीटरचे विवर साधारण त्याच काळाचे आहे. त्याच्यामुळे झालेले नुकसान स्थानिक राहिले असते.

१७. पुन्हा असे होऊ शकते का?

होऊ शकते, पण आता आपण पहारा ठेवतो. पृथ्वीजवळून जाणाऱ्या एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी ९० टक्क्यांहून अधिक सापडले आहेत आणि त्यांपैकी कोणताही पुढच्या शंभर वर्षांत धडकणार नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने डिमॉर्फोस या सुमारे १६० मीटरच्या गोळ्याला मुद्दाम धडक दिली आणि मोठ्या जोडीदाराभोवतीच्या त्याच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. तो धडकणार नाही.

खरी जोखीम लहान दगडांची आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेत फुटला आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या फुटलेल्या काचांनी. लख्ख प्रकाश दिसला म्हणून ती खिडकीशी आली होती, आणि धक्क्याची लहर मागाहून पोहोचली. आकाशात असा झोत दिसला तर काचेपासून दूर जा.

१८. माझ्या शेतात काळा, जड दगड सापडला आहे आणि त्याला लोहचुंबक चिकटते. तो अशनी आहे का?

महाराष्ट्रात बहुधा नाही. येथील बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, त्यामुळे चुंबक चिकटणे हा पुरावा होत नाही. दगडाला बुडबुड्यांची भोके असतील, किंवा पोकळीत पांढरे-हिरवे स्फटिक असतील, तर तो लाव्हाच समजावा. अशनीवर सहसा बाहेरून एक-दोन मिलिमीटरांचा काळा, गुळगुळीत वितळलेला पापुद्रा असतो आणि आतून तो फिकट राखाडी दिसतो. मोडलेल्या कडेवर धातूचे चकाकणारे ठिपके दिसले तर लक्ष द्यावे. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी दुपारी पडलेले तुकडे असेच खरे अशनी होते.

शंका असेल तर दगड धुऊ नका, फोडू नका आणि त्यावर चुंबक घासू नका, कारण अशनीची मूळ चुंबकीय खूण त्याने पुसली जाते. कोरड्या कागदात गुंडाळा, सापडल्याची जागा व तारीख लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात कळवा. देशातील अशनींचा अधिकृत संग्रह त्याच संस्थेकडे असतो, आणि विभागीय कार्यालय नागपुरात आहे.